एक घटका पश्चिमेला : परभणीच्या मुलखातले वेळेचे शब्द

खेड्यातल्या माणसाला वेळेची किंमत नसते, असे शहरात सर्रास बोलले जाते. ‘सकाळी येतो’ म्हणणारा शेतकरी दहाला येतो आणि ‘दुपारी’ म्हणणारा तीनला, हा त्यावरचा नेहमीचा पुरावा. या तक्रारीमागे एक गृहीत आहे. घड्याळाच्या काट्याने सांगितलेली वेळ तीच खरी, आणि बाकी सगळे अंदाज, असे ते गृहीत. परभणी जिल्ह्याच्या बोलीत दिवसाची वेळ सांगण्याचे जे शब्द आजही ऐकू येतात, ते नीट तपासले तर हे गृहीत टिकत नाही. या शब्दांत निदान चार वेगवेगळ्या मोजण्या एकावर एक बसलेल्या दिसतात: सूर्याची आणि कामाची, पाण्यातल्या वाटीची, धातूच्या थाळीवरच्या ठोक्याची, आणि शेवटी रेल्वेची. प्रत्येक नव्या मोजणीने आधीचीला मागे सारले, पण तिचे शब्द मात्र पुसले नाहीत.

दिवस म्हणजे सूर्य

मराठवाड्याच्या बोलीत ‘दिवस’ किंवा ‘दिस’ या शब्दाचा पहिला अर्थ सूर्य. दिस उगवतो, दिवस माथ्यावर येतो, दिवस कलतो, दिस बुडतो. वेळ सांगणे म्हणजे सूर्य आकाशात कुठे आहे ते सांगणे. त्यासाठी मापेही हाताशी असलेलीच घेतली आहेत. ‘कासराभर दिवस वर आला’ म्हणजे बैलाच्या कासऱ्याच्या लांबीइतका सूर्य क्षितिजावरून वर चढला. हेच माप संध्याकाळी उलटे लागते: ‘कासराभर दिवस राहिला होता’ म्हणजे सूर्य बुडायला तेवढे अंतर उरले होते. ‘हातभर दिवस’ हे त्याहून लहान माप. औतावरून उठून पश्चिमेकडे नजर टाकणाऱ्या माणसाला अजून किती तासे काढता येतील, हे त्या एका नजरेत कळते. येथे ‘तास’ म्हणजे नांगराची रेघ. घड्याळाचा तास वेगळा, त्याची हकीकत पुढे येईल.

सूर्य दिसत नसेल तेव्हा कामे आणि जनावरे वेळ सांगतात. कोंबडा आरवणे, तांबडे फुटणे, झुंजुमुंजू होणे हे पहाटेचे तीन टप्पे आहेत आणि ते एकमेकांच्या जागी वापरले जात नाहीत. पुढे न्याहारीची वेळ, टळटळीत दुपार, उन्हे उतरणे, गुरे परतताना धूळ उडते ती गोरज, मग तिन्हीसांजा, दिवेलागण, जेवणवेळ आणि निजानीज. मध्यरात्रीनंतर आकाशातले ‘तिकांडे’ म्हणजे मृगातले तीन तारे कामी येतात. तारा रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतो. महिन्यात हा फरक दोन तासांचा होतो. म्हणजे तिकांड्यावरून वेळ सांगणाऱ्याला कोणता महिना चालू आहे आणि त्या महिन्यात ते कोठे असते, हे दोन्ही ठाऊक असावे लागते. याला अडाणी अंदाज म्हणता येत नाही.

बायकांच्या दिवसाची सुरुवात जात्यावर होई. गंगाखेड हे जनाबाईंचे गाव. तिच्या नावाभोवती मराठी मनाने जे चित्र उभे केले आहे, ते पहाटेच्या दळणाचे आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रभरच्या खेड्यांतून लाखभर ओव्या गोळा केल्या. परभणी जिल्ह्यातल्या बायकांच्या ओव्याही त्या संग्रहात आहेत. दळण किती वेळ चालले हे मिनिटांत कोणी मोजत नसे. किती पायली झाले हे मोजत, आणि तांबडे फुटायच्या आत ते संपले की नाही हे पाहत. विजेवरची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, आणि त्या पहाटेच्या टप्प्यांचे शब्द वापरण्याचे मोठे कारणच नाहीसे झाले.

पाथरीचे ज्योतिषी आणि पाण्यातली वाटी

बोलीतल्या वेळेला समांतर अशी दुसरी, काटेकोर मोजणी याच मुलखात चालत होती, आणि तिचा इतिहास अभिमान वाटावा असा आहे. गोदावरीच्या उत्तरेला पार्थपूर म्हणजे आजची पाथरी. तेथील ज्ञानराज या ज्योतिष्याने शके १४२५ म्हणजे इ. स. १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ हा ग्रंथ रचला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात या घराण्याची दखल घेतली आहे. ज्ञानराजाच्या ग्रंथात काळ आणि आकाश मोजण्याच्या यंत्रांवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ऋतूंच्या वर्णनाचेही आहे. त्याचा मुलगा सूर्यदास याने भास्कराचार्यांच्या बीजगणितावर १५३८ मध्ये आणि लीलावतीवर १५४१ मध्ये टीका लिहिल्या. गोदाकाठच्याच गोलग्रामातून निघालेल्या दिवाकर दैवज्ञाच्या घराण्याने पुढे काशीत नाव काढले. त्या घराण्यातल्या कमलाकराचा ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ १६५८ चा. म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकात देशातल्या काळगणनेच्या विद्येला माणसे पुरवणारा हा पट्टा होता.

ही मोजणी घटकांची. सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत ६० घटका, एका घटकेची ६० पळे. आजच्या हिशेबाने घटका २४ मिनिटांची आणि पळ २४ सेकंदांचे. पळाचे माप माणसाच्या शरीरातच होते: सहा श्वास म्हणजे एक पळ, आणि एका श्वासात दहा दीर्घ अक्षरे उच्चारता येतात. त्यामुळे दिवसाला २१,६०० श्वास हा आकडा आपल्याकडे ज्योतिषातही आहे आणि योगातही.

घटका मोजण्याचे साधन अगदी साधे. तांब्याची अर्धगोल वाटी, बुडाला बारीक भोक. घंगाळातल्या पाण्यावर वाटी सोडायची. भोकातून पाणी चढत जाते, वाटी भरते आणि बुडते. ती झाली एक घटका. भोक पाडायची सोन्याची सुई किती वजनाची, वाटी किती अंगुळांची, याची मापे जुन्या ग्रंथांत दिली आहेत. भास्कराचार्यांनी मात्र या मापांचा आग्रह फोल ठरवला. वाटी कशीही करा, ती एका अहोरात्रीत किती वेळा बुडते ते मोजा आणि त्या संख्येने साठला भागा, की तिचे माप निघाले, असा त्यांचा सरळ व्यवहारी मार्ग होता. साधनावर विश्वास ठेवण्याऐवजी साधन आकाशाशी ताडून पाहायचे, हा त्यामागचा विचार.

ही वाटी आज लग्नातही क्वचितच दिसते, पण बोलण्यात ती रोज बुडते. ‘घटकाभर बस’, ‘घटका भरली’, ‘शेवटच्या घटका मोजणे’, ‘घडीचा भरवसा नाही’ ही सगळी त्या घंगाळाची भाषा. ‘औटघटकेचे राज्य’ हा वाक्प्रचार तर हिशेबाचा आहे. औट म्हणजे साडेतीन. जुन्या शाळांत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकीबरोबर औटकीही पाठ करून घेत. तेव्हा औटघटकेचे राज्य म्हणजे नेमके ८४ मिनिटांचे. दिवाळीचा पाडवा साडेतीन मुहूर्तांतला अर्धा मानतात. आणि दिवसाच्या हिशेबात मुहूर्त म्हणजे दोन घटका, ४८ मिनिटे.

घटका सगळ्या सारख्या, पण प्रहर तसे नव्हते. सूर्योदय ते सूर्यास्त चार प्रहर आणि रात्रीचे चार. परभणीच्या अक्षांशावर सर्वांत मोठा दिवस सुमारे ३३ घटकांचा आणि सर्वांत लहान २७ घटकांचा भरतो. त्यामुळे ज्येष्ठातला दिवसाचा प्रहर सव्वातीन तासांच्याही थोडा वर जातो, तर पौषातला पावणेतीन तासांच्या आसपास राहतो. ‘दुपार’ हा शब्द ‘दोन प्रहर’ याचेच रूप. ‘सकाळच्या पारी’, ‘रामपारी’ यांतला ‘पार’ही प्रहरच. हा प्रहर ऋतूबरोबर लांबतो आणि आखडतो. कामाचा दिवसही तसाच. म्हणूनच ‘दुपारी येतो’ म्हणणाऱ्याची दुपार वैशाखात आणि मार्गशीर्षात एकच नसते.

ठोके देणारी थाळी

वाटी बुडाली हे घंगाळापाशी बसलेल्यालाच कळणार. गावाला कळवायचे तर आवाज हवा. ज्ञानराजाच्या पुढच्याच पिढीत बाबराने हिंदुस्थानातली ही व्यवस्था आपल्या आत्मचरित्रात बारकाईने नोंदवली आहे. मोठ्या गावांत घडियालची नेमलेले असत. ते उंच जागी टांगलेल्या पितळी थाळीवर घटकांचे ठोके देत. बाबराला त्यात एक अडचण दिसली. रात्री जाग आलेल्या माणसाला तीन-चार ठोके ऐकू येतात, पण ते कोणत्या प्रहरातले, हे समजत नाही. म्हणून त्याने हुकूम काढला की घटकांच्या ठोक्यांनंतर किंचित थांबून प्रहराचा आकडाही वाजवावा.

आपल्या भाषेतले घड्याळाचे शब्द या थाळीतून आले आहेत. ‘घड्याळ’ म्हणजे मूळची घटकेचे ठोके देण्याची थाळी. ‘तास’ हा फारसीतून आलेला शब्द, त्याचाही अर्थ धातूचे भांडे, थाळी. ज्यावर ठोका पडतो ते भांडे, आणि मग एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंतचा काळ, असा त्याचा प्रवास झाला. म्हणून मराठीत वेळ ‘होत’ नाही, ‘वाजते’. ‘किती वाजले?’ या प्रश्नाचा शब्दशः अर्थ किती ठोके पडले असा आहे. एक ठोका असेल तर ‘एक वाजला’, दोन असतील तर ‘दोन वाजले’. दीड आणि सव्वा एकवचनी: ‘दीड वाजला’, ‘सव्वा वाजला’; अडीच मात्र ‘वाजले’. मनगटावरचे घड्याळ आवाज करत नाही, मोबाइलही करत नाही, तरी क्रियापद थाळीचेच आहे.

मराठवाड्यात आणखी एक थर आहे. पुण्याकडे ‘दोन तास’ म्हणतात तेथे परभणीकडे ‘दोन घंटे’ सहज येते. ‘घंटाभर झाला बसलो’, ‘त्या वख्ताला’ ही येथली रोजची बोली. निजामी राजवटीत कचेरी, न्यायालय आणि शाळा यांचा कारभार उर्दूत होता. सरकारी वेळ ज्या भाषेत सांगितली जाई, तिचे शब्द बोलीत उतरले. १९४८ च्या सप्टेंबरात राजवट संपली, पण ‘घंटा’ राहिला. गावातल्या बांगेनेही दिवसाचे टप्पे पाडून दिले आहेत. मगरिबची बांग सूर्य बुडताच होते, आणि दिवेलागणही त्याच वेळेची. त्यामुळे मिश्र वस्तीच्या गावांत हिंदू घरातही ‘बांग झाली, दिवा लाव’ असे म्हटले जाते. दोन्ही घरांची ही वेळ घड्याळावर नव्हे, सूर्यावर बांधलेली आहे, म्हणून ती जुळते.

गाडीची वेळ

विसाव्या शतकाच्या तोंडाशी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची मीटरगेज लाइन मनमाडपासून हैदराबादपर्यंत पोचली आणि सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्टेशने तिच्यावर आली. गाडीला कासराभर दिवस चालत नाही. मिनिटांच्या हिशेबाची गरज खऱ्या अर्थाने येथून सुरू झाली.

पण गाडीची मिनिटे कोठली? त्या काळात हिंदुस्थानातल्या रेल्वे मद्रासच्या वेळेने चालत. मद्रास परभणीच्या पूर्वेला. तेथला मध्यान्ह परभणीच्या सुमारे १४ मिनिटे आधी होतो. पुढे १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश रेखांशावरची भारतीय प्रमाणवेळ आली आणि हा फरक वाढून सुमारे २३ मिनिटे झाला. मुंबईत तो ३९ मिनिटांचा होता, आणि मुंबईने त्याविरुद्ध मोठे रण माजवले. तेथे ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत टिकून होता. परभणीत तसे काही झाले नाही. रेल्वेची वेळ स्टेशनात राहिली आणि सूर्याची वेळ शेतात. दोन्हींची गाठ फक्त गाडी पकडायच्या दिवशी पडत असे. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, घड्याळे आणखी एक तास पुढे होती. त्या काळात परभणीचा सूर्य माथ्यावर येई तेव्हा स्टेशनच्या घड्याळात जवळजवळ दीड वाजत असे.

येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. पृथ्वी एका घटकेत सहा अंश फिरते. प्रमाणवेळेच्या रेखांशापासून सहा अंश पश्चिमेला गेले की आपण ७६.५ अंशांवर येतो. पाथरी जवळजवळ याच रेषेवर आहे. म्हणजे ज्ञानराजाचे गाव आजच्या सरकारी वेळेच्या बरोबर एक घटका मागे चालते. त्याच्या काळी गणनेची मूळ रेषा उज्जयिनीची. तिच्यापासून पार्थपूर पूर्वेला, तोही फरक जेमतेम सात पळांचा. त्याचे गाव तेव्हा देशाच्या काळगणनेच्या मध्यरेषेला लागून होते.

हा फरक वर्षभर सारखाही नसतो. सूर्याची चाल थोडी मागेपुढे होते. दिवाळीच्या सुमारास परभणीत खरा मध्यान्ह साधारण बारा वाजून सात मिनिटांनी होतो, तर फेब्रुवारीच्या मध्यावर बारा सदतीसला. मेच्या मध्यावर सूर्य अगदी डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते, तीही बाराच्या ठोक्याला नव्हे, तर बारा एकोणीसच्या सुमारास. शाळेत ‘बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ असे शिकलेल्या मुलाने पटांगणात काठी रोवून पाहावे; पुस्तक आणि काठी यांत काठी खरे बोलते. मुंबईच्या वेळा छापणाऱ्या दिनदर्शिकेवर भिस्त ठेवून नरकचतुर्दशीला उठणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, की परभणीचा सूर्य मुंबईच्या आधी सुमारे १६ मिनिटे उगवतो.

साक्षीदाराचा दिवस

हे सगळे केवळ शब्दांचे कौतुक असते तर गोष्ट वेगळी. वेळ सांगण्याच्या या दोन पद्धतींची गाठ आजही अशा ठिकाणी पडते, जेथे चुकीची किंमत मोजावी लागते. पोलीस ठाण्यात फिर्याद लिहिताना ‘सायंकाळी ६.०० वा.चे सुमारास’ असे लिहिण्याचा प्रघात आहे. फिर्याद देणारी म्हातारी म्हणालेली असते ‘दिवे लागायच्या आधी, कासराभर दिवस होता.’ लिहिणारा त्याचे घड्याळ करतो. पुढे उलटतपासणीत वकील विचारतात, ‘सहा वाजले हे तुम्ही कशावरून सांगता? घड्याळ होते का?’ घड्याळ नव्हते. ती सहा म्हणालीच नव्हती. तिचे मूळ वाक्य अधिक उपयोगाचे होते, कारण त्या तारखेचा सूर्यास्त पंचांगात सापडतो आणि उजेड किती होता, तोंड ओळखू येत होते की नाही, हे त्यावरून ठरवता येते. डिसेंबरात परभणीत सहाच्या आत सूर्य बुडतो. जूनमध्ये सहाला लख्ख ऊन असते. ‘सहा वाजता’ हे शब्द ही माहिती देत नाहीत, ‘कासराभर दिवस’ देतो.

सूर्योदयापासून मोजण्याची रीत जगात एकट्या आपलीच नाही. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत सकाळच्या सातला आजही ‘पहिला तास’ म्हणतात. तेथे घड्याळ तेच, पण मोजणी उजाडल्यापासूनची. इथिओपियातही तसेच. त्यांनी घड्याळ घेतले आणि आपली सुरुवात सोडली नाही. दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट उपसागराकाठची वियोट भाषा आहे. ती अस्खलित बोलणाऱ्या शेवटच्या व्यक्ती, डेला प्रिन्स, १९६२ मध्ये गेल्या. आज वियोट लोक भाषाशास्त्रज्ञांच्या टिपणांवरून आणि ध्वनिमुद्रणांवरून ती पुन्हा शिकत आहेत. अशा भाषेत मुलाला ‘आता किती वाजले’ हे साधे वाक्य शिकवायचे, तरी कागद धुंडाळावे लागतात. मराठीवर ती वेळ आलेली नाही आणि येणारही नाही. पण भाषा जिवंत असताना तिचा एखादा कोपरा रिकामा होऊ शकतो, आणि तो होताना आवाज होत नाही.

आज परभणीच्या शिवारात दिवसाचे नवे टप्पे पडले आहेत. ‘लाईट बाराला येते’ हे ठरले की पाणी देणाऱ्याची रात्र त्यावर आखली जाते. ‘सहाची एसटी’, ‘शाळा सुटल्यावर’, आकाशवाणीच्या बातम्या, ही वेळेची नवी मोजमापेच आहेत, आणि ती जुन्यांसारखीच कामाला बांधलेली आहेत. बोली नवे घेते, त्यात वाईट काही नाही. जुने जाते ते मात्र नोंदवायला हवे. कासऱ्याच्या मापाने सूर्य मोजणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. त्यांना ‘किती वाजता उठायचात?’ असे विचारले तर ‘चारला’ असे आपल्या सोयीचे उत्तर मिळते. ‘उठायचात तेव्हा आभाळात काय दिसायचं?’ असे विचारले तर तिकांडे, कोंबडा, तांबडे आणि जाते हे सगळे क्रमाने बाहेर येते. गावोगावच्या शाळांतल्या मुलांनी या सुट्टीत आपल्या आजी-आजोबांना हा दुसरा प्रश्न विचारून उत्तरे वहीत उतरवली, आणि शेजारी त्या दिवसाचा सूर्योदय मांडला, तरी जिल्ह्याच्या वेळेचा एक कोश उभा राहील. ज्ञानराजाच्या मुलखात हे काम अवघड पडू नये.